हिरवा घोट
(गोत्रीचं स्वयंपाकघर : भाग ९)

मागच्या आठवड्यात आवळासुपारी झाली. आवळे घरात आलेच आहेत, तर सकाळी घ्यायचा तो हिरवा रसही सांगा, अशी मागणी बऱ्याच वाचकांकडून आली. हल्ली बोटभर बाटलीत ‘वेलनेस शॉट’ म्हणून विकतात, तो. या भागात तोच करू. करायला दहा मिनिटं लागतात. पण काय घालायचं आणि काय अजिबात घालायचं नाही, हे समजून घ्यायला त्याहून जास्त वेळ द्यावा लागेल, आणि तो द्यायलाच हवा.

थंडी पडली की वडोदऱ्यात बागांच्या दाराशी सकाळी रसाच्या लाऱ्या लागतात. जवारा (गव्हांकुर), कारलं, दुधी, कोरफड, आवळा अशा बरण्या मांडलेल्या असतात आणि फिरून आलेली मंडळी पेला रिकामा करून घरी जातात. आमच्यासारखी कितीतरी मराठी घरं दांडियाबाजार, रावपुऱ्यातले वाडे सोडून इकडे गोत्री-वासण्याकडे आली. खंडेराव मार्केट लांब पडलं, पण भाजीची लारी थेट दारात येऊ लागली. या लारीवरची एक रीत मला फार आवडते. भाजी तोलून झाली की लारीवाली विचारते, “मसालो नाखुं, बेन?” आणि पिशवीत वरून कोथिंबिरीच्या चार काड्या, दोन मिरच्या, आल्याचा तुकडा, कधी कढीपत्त्याची डहाळी पडते. आपल्या रसाचं निम्मं सामान त्यातच आलं. वेगळं आणायचे ते आवळे, पुदिना आणि काकडी.

आवळ्यासाठी तर आपण मोक्याच्या जागी राहतो. आणंद आणि खेडा हा आवळ्याचाच मुलूख आहे. आणंदच्या कृषी विद्यापीठाने ‘आणंद-१’, ‘आणंद-२’ अशा जाती काढल्या आहेत. रसासाठी मोठं, जड, पिवळट-हिरवं आणि डाग नसलेलं फळ घ्यावं. रेषाळ आवळ्याला रस कमी सुटतो.

चौघांसाठी चार आवळे, धुतलेल्या कोथिंबिरीची एक मोठी मूठ (देठांसकट, देठांतही सुगंध असतो), पुदिन्याची पंधरा-वीस पानं, एक छोटी काकडी, अर्धा इंच आलं, चिमूटभर शेंदेलोण आणि दोन मिरीदाणे घ्यावेत. आवळ्याच्या फोडी करून बिया काढाव्यात. मिक्सरमध्ये आधी आवळा आणि आलं अर्धी वाटी पिण्याच्या गार पाण्यात फिरवावं. ते बारीक झालं की मग काकडी, आणि सगळ्यात शेवटी पानं, शेंदेलोण आणि मिरी. एका दमात मिक्सर चालवत ठेवू नये, थांबून थांबून फिरवावा. पात्याने भांडं तापतं आणि पुदिन्याचा वास दबतो. मग मलमलच्या फडक्यातून पिळून घ्यावं. साधारण २०० मिलि. रस निघतो, म्हणजे प्रत्येकी ५० मिलि.

आवळा आधी का? काकडीत एक विकर असतं, ते क जीवनसत्त्व मोडतं. आंबट रसात त्याचा जोर ओसरतो, म्हणून काकडी आंबटात पडू द्यायची. त्याच आंबटपणामुळे रसाचा रंगही फार वेळ टिकत नाही. पानांच्या हरितद्रव्यात मध्यभागी मॅग्नेशियम असतं. आम्लात ते सुटून जातं आणि पोपटी रंग हळूहळू खाकी होतो. रस बिघडला असं नव्हे, पण तो ठेवण्यासाठी नाही एवढं त्यातून कळतं. गाळल्यावर लगेच प्यावा. रोज सकाळी मिक्सर काढणं जमत नसेल तर बर्फाच्या साच्यात गोठवून दोन-तीन खडे वितळवून घ्यावेत. फ्रिजमध्ये बाटली भरून चार दिवस ठेवणं मला पटत नाही.

५० मिलि. वाचून काहींना ते कमी वाटेल. शारंगधर संहितेत ताज्या वनस्पतीच्या स्वरसाची मात्रा अर्धं पल दिली आहे, म्हणजे आजच्या हिशेबात पंचवीस ग्रॅमच्या आसपास. आपल्या आज्या आल्याचा, तुळशीचा अंगरस चमच्याने मोजून द्यायच्या, तो याच परंपरेतून. आता आजचं मोजमाप बघा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरतं. मध्यम आकाराच्या एका आवळ्यात ते निघतं. एकाचे सहा आवळे केल्याने सहापट फायदा होत नाही, जास्तीचं शरीर लघवीवाटे टाकून देतं.

मात्रेचा हा विचार वडोदऱ्याला नवा नाही. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झालं. हंसा मेहता पहिल्या कुलगुरू होत्या, आणि त्यांच्या कारकिर्दीत इथे गृहविज्ञान शिकवायला लागले. तिथे आहारशास्त्र शिकलेल्या कुणालाही हा रस दाखवा, पहिला प्रश्न येईल : चोथा कुठे गेला? प्रश्न रास्त आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शनात दिवसाला ४०० ग्रॅम भाजी आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. गाळलेला घोट त्यात धरता येत नाही. तो चटणीसारखा तोंडी लावण्यापुरता. भाजी ताटातच हवी.

आता दुधी. हिरव्या रसाच्या बहुतेक कृतींत तो असतो. मी तो मुद्दाम वगळला आहे, आणि त्याचं कारण नीट वाचा. दुधी, काकडी, कारलं एकाच कुळातले. या कुळात कुकुर्बिटासिन नावाची कडू विषारी द्रव्यं असतात. लागवडीच्या दुधीत ती नगण्य असतात, पण एखादं फळ कडू निपजतं आणि ते बाहेरून ओळखू येत नाही. २०१० साली दिल्लीत कारल्याच्या रसात मिसळलेला कडू दुधीचा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर वैद्यक संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. २०१८ साली पुण्यात दुधीचा रस प्यायलेल्या एका महिलेचा असाच मृत्यू झाला. समितीने सांगितलं ते असं : रस काढण्याआधी कच्च्या दुधीचा तुकडा चाखा, कडू लागला तर फळ फेकून द्या, आणि दुधीचा रस दुसऱ्या रसात मिसळू नका. शेवटची सूचना सगळ्यात महत्त्वाची. आवळा, आलं, कारलं यांच्या चवीत दुधीचा कडूपणा लपतो, आणि तो कडूपणा हाच आपल्याला मिळणारा एकमेव इशारा असतो. शिजवल्यानेही हे विष जात नाही. रस प्यायल्यावर उलट्या, पोटात कळा, रक्ताची उलटी असं काही झालं तर लिंबूपाणी देत बसू नये, तडक रुग्णालय गाठावं. यावर उतारा नाही, उपचार लक्षणांवरच होतात, म्हणून वेळ फार मोलाची. आपल्या रसातल्या काकडीलाही हाच नियम : आधी चकती खाऊन बघायची. टोक कापून घासल्याने कडू काकडी गोड होत नाही.

कच्चा पालकही मी घालत नाही. त्यात ऑक्झलेट भरपूर असतं, आणि रसाच्या रूपात जुडीभर पालक एका पेल्यात बसतो. रोज हिरवे रस पिऊन मूत्रपिंडं निकामी झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. पालक उकळून पाणी टाकून दिलं की ऑक्झलेट बरंच कमी होतं, म्हणून त्याची जागा पातळभाजीत.

जवाऱ्याबद्दल मात्र मला माया आहे. आपण नवरात्रात घटाखाली धान पेरतो, इथल्या मुली आषाढात गौरीव्रताला जवारा पेरतात. तो पिळून प्यायचं वेड अमेरिकेतल्या अ‍ॅन विगमोर यांनी पसरवलं. ‘हिरवं रक्त’ हा शब्द तिथूनच आपल्या बागांपर्यंत पोचला असावा. हरितद्रव्य आणि हिमोग्लोबिन यांच्या रेणूंची ठेवण मिळतीजुळती आहे, हे खरं. पण एकाच्या मध्यभागी मॅग्नेशियम आणि दुसऱ्याच्या मध्यभागी लोह. पोटात गेलेल्या हरितद्रव्याचं रक्त होत नाही. पंडुरोग असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. त्यांच्या जोडीला आवळा उपयोगी पडतो, कारण क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं.

मूत्रपिंडाचा आजार किंवा मुतखडा असलेल्यांनी, आणि रक्त पातळ ठेवण्यासाठी अ‍ॅसिट्रॉमसारखी गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा रस सुरू करू नये. हिरव्या पानांतल्या के जीवनसत्त्वाने त्या गोळीचं गणित बिघडतं. आम्लपित्त असेल तर उपाशीपोटी नको, नाश्त्यानंतर घ्यावा. प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि लगेच दात घासू नयेत. आंबटाने दातांचं कवच थोडा वेळ मऊ पडलेलं असतं.

कोथिंबीर धुण्यात आळस चालणार नाही. मोठ्या पातेल्यात बुडवून वर उचलायची, तळाशी बसलेली माती ओतून द्यायची, पाणी स्वच्छ राहीपर्यंत हेच करायचं, आणि शेवटी वाहत्या पाण्याखाली धरायची. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा फार वृद्ध माणूस असेल तर पानं उकळत्या पाण्यातून काढून गार पाण्यात टाकावीत. थोडं क जीवनसत्त्व जाईल, ते आवळा भरून काढतो. पावसाळ्यात मात्र कच्च्या पानांचा रस मी कुणालाच सुचवणार नाही. त्या दिवसांत आलं-लिंबाचा काढा बरा. उन्हाळ्यात आवळ्याच्या जागी कैरी आणि थोडा जास्त पुदिना. थंडीत लारीवर ओली हळदही दिसते, पण ती या रसात घालू नका. रंग मातकट होतो आणि पुदिन्याची चव हरवते.

फडक्यात उरलेला चोथा टाकायचा नाही. त्यात ज्वारीचं आणि बेसनाचं पीठ, तीळ, ओवा, तिखट, मीठ घालून थालीपीठ लावावं. आवळ्याचा तुरटपणा जाणवू नये म्हणून गुळाचा लहानसा खडा किसून घालते मी. वर घरचं लोणी. इथल्या पद्धतीने करायचं असेल तर गव्हाच्या पिठात मळून ठेपले करा, प्रवासातही दोन दिवस टिकतात.

ओल्या हळदीला आज नकार दिला खरा, पण पुढचा भाग तिचाच. लीली हळदर आणि आंबा हळदर दोन्ही पावपाव किलो आणून ठेवा, सोबत लिंबं आणि एक कोरडी काचेची बरणी.