इसाराआधी सातबारा

सकाळी 6.30

मे महिन्यात वऱ्हाडात जागा पाहायची तर ऊन चढायच्या आत. वलगाव सोडून आम्ही दर्यापूर रस्त्याला लागतो. एका शिक्षकाने गावाजवळ घरासाठी प्लॉट ठरवलाय, त्याच्या कर्जाची फाइल माझ्याकडे आहे. बँकेचे मूल्यांकन करणारे इंजिनिअर टेप लावतात, मी मातीकडे बघते. कुंपणातली एक पऱ्हाटी उपसून भेगेत सोडली. हातभर आत गेली तरी तळ लागला नाही.

हीच काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वरवरच्या पायावर बांधलेल्या भिंती दोन-तीन पावसाळ्यांत तडकतात. मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, नाहीतर कॉलम-बीमचा पाया घ्यायचा, म्हणजे जागेत वाचलेला पैसा जमिनीखाली जातो. पाण्याचंही तसंच. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. शेजारच्या घरी बोअरचं पाणी मागितलं तर त्या बाईंनी आधी बादली दाखवली. आतून पांढरा थर. हे पाणी सिमेंटला वापरलं तर पुढे सळई गंजते, म्हणून बांधकामाला गोड्या पाण्याचे टँकर लागतील. गुरुजींच्या अंदाजपत्रकात पाया आणि पाणी दोन्ही नव्हतं. दोन्ही लिहून घ्यायला लावलं. आज कर्ज कमी पडलं आणि घर जोत्यावर अडकलं तर हप्ता आणि भाडं दोन्ही त्यांच्याच मानेवर.

10.45

शाखा उघडून पंधरा मिनिटं झालीत आणि एक जोडपं समोर येऊन बसलंय. तो नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात कामाला, ती घरी शिवणकाम करते. अमरावतीत भाड्याची खोली. गावाकडे परतवाडा रस्त्याला दोन हजार फुटांचा प्लॉट, 9 लाख.

"मॅडम, सात लाखाचं लोन पाह्यजे. दोन आमी देल्ले."

"कशावर दिले?"

त्याने पिशवीतून इसारचिठ्ठी काढली. पाचशेच्या मुद्रांकावर लिहिलेली, खाली दोन साक्षीदार, नोंदणी नाही. चतुःसीमा आहेत, पण गट नंबर पेनाने खोडून दुसरा घातलाय. सातबारा मागितला तर दोघं एकमेकांकडे बघायला लागले. तो दलालाजवळ होता म्हणे. ती इतका वेळ गप्प होती, हात मात्र सारखा गळ्याकडे जात होता. तिथे नुसता काळा दोरा. पोत गहाण ठेवून इसाराचे पैसे उभे केले होते.

मी 9 टक्क्यांनी 15 वर्षांचा हिशेब कागदावर मांडला. सात लाखांना महिन्याला साधारण 7,100. 180 हप्त्यांत पावणेतेरा लाखांच्या आसपास जातात. त्याचा पगार 28 हजार. दुचाकीचा हप्ता आणि सोन्यावरचं व्याज धरूनही ते निम्म्याच्या आत बसतं. म्हणजे माणूस कर्जाला पात्र आहे. जागा आहे का, ते कुणीच पाहिलेलं नाही.

मग सगळं सांगितलं. जमीन एन.ए., म्हणजे अकृषिक, नसेल तर तिच्यावर घरकर्ज मिळत नाही. शेती म्हणून घ्यावी तर विदर्भाच्या 1958 च्या कुळकायद्याप्रमाणे घेणारा शेतकरी लागतो. शिवाय जिरायतीचा 20 आरच्या खालचा तुकडा खरेदीला चालत नाही, आणि दोन हजार फूट म्हणजे दोन आरही नाहीत. म्हणून दलाल आठ-दहा जणांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामाईक चढवून देतात. कोणता कोपरा कुणाचा, हे कागद सांगत नाही. अशा जागेवर बँक पैसे देत नाही. मग लोक चढ्या व्याजाने बाहेरून उचलतात.

"मंग आमचे दोन लाख?" तिने पहिल्यांदा तोंड उघडलं.

तिला मी खोटा धीर दिला नाही. माझ्या वडिलांनीही एकदा साध्या कागदावर इसार दिला होता. ती जागा दुसऱ्याच्या नावे विकली गेली, पैसे परत यायला सहा वर्षं लागली. म्हणून मी एवढंच विचारलं, गावठाणापासून प्लॉट किती लांब?

"शाळेच्या मांगं तं हाय. चालत दोन मिन्टं."

हे ऐकून मी सावरून बसले. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला महसूल कायद्यात वाट आहे. मूळ मालकाने शासनाची ठरलेली रक्कम भरली, की ती निवासी धरली जाते. पण सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 1 हवा. वर्ग 2 असेल तर परवानगीशिवाय विक्रीच होत नाही. चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या कागदावर मी चार ओळी लिहून दिल्या: सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा, वकिलाचा तीस वर्षांचा सर्च. आणि खाली मोठ्या अक्षरात, दुसरा हप्ता देऊ नका.

दुपारी 2

डबा. दोन फाइलींवर सह्या. एकाला समजावलं की नुसत्या प्लॉटच्या व्याजावर आयकराची सूट नाही, घर उभं राहिल्यावरच मिळते. म्हणून जागा आणि बांधकामाचं कर्ज एकत्र घेणं परवडतं.

4.00

दुय्यम निबंधक कार्यालयात एका परिचारिकेची खरेदी. बाकावर दीड तास. डिमांड ड्राफ्ट माझ्या पर्समध्ये, तो सह्या झाल्यावरच विकणाऱ्याच्या हातात जातो. मुद्रांक शुल्क वेगळं, नोंदणी 1 टक्का, कमाल 30 हजार. प्लॉट स्वस्त पडला तरी शासनाचा दर जास्त असेल तर शुल्क त्यावर लागतं. तिने हे पैसे वर्षभर आवर्ती ठेवीत बाजूला टाकले होते. अंगठा उमटला, फोटो निघाला. ती खुर्चीतून उठलीच नाही. पडद्यावर आपलं नाव पुन्हा वाचत बसली. मागचा माणूस घाई करायला लागला तेव्हा मी त्याला म्हटलं, एक मिनिट थांबा हो दादा.

रात्री 8.50

फोन वाजला. सकाळचीच ती. नवऱ्याच्या मोबाइलवरून पंधरा रुपये भरून तिने डिजिटल सातबारा काढला होता, तोही खोडलेल्या गट नंबरचा.

"मॅडम, वर्ग 1 हाय. पण त्या इतर अधिकारात सोसायटीचा बोजा ल्हेलाय. थे काय असते?"

मालकाने गावच्या सोसायटीचं पीककर्ज उचललंय. ते फिटत नाही तोवर बोजा तसाच राहतो.

"दलाल उद्या सकाळीच येतो म्हणते, पयसे घ्याले."

"येऊ द्या. त्याला म्हणावं सोसायटीचा निल दाखला आण आणि मालकालाही सोबत आण. आणि नवा गट नंबर कुणी घातला, ते साक्षीदारांसमोर विचारा."

"मी इचारतो," ती म्हणाली. मागून शिलाई मशीन चालू झाल्याचा आवाज आला.