जुने रूप, नवी वस्तू

बीड शहरातील एखाद्या घरी बैठकीच्या खोलीत, टेबलावर विणलेला रुमाल अंथरून त्यावर ठेवलेला एक रेडिओ अलीकडे दिसतो. समोर जाळीचा ध्वनिक्षेपक, उजव्या हाताला गोल खुंटी, खाली जाड बटणे. १९६० च्या आसपासचा ट्रान्झिस्टर म्हणून कोणी त्याला हात लावायला जावे, तर तो मुळी जुना नसतोच. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाची वारस असलेल्या सारेगामा कंपनीने २०१७ साली बाजारात आणलेली ती 'कारवाँ' नावाची पेटी असते. तिच्या पोटात पाच हजार जुनी हिंदी गाणी आधीच भरून ठेवलेली असतात. पुढे मराठी गाण्यांचीही अशी पेटी निघाली. या एका पेटीच्या निमित्ताने आम्हांला एका व्यापक विषयाचा विचार करावयाचा आहे. लोकांच्या मनांत रुतून बसलेल्या गाण्यांच्या, चित्रपटांच्या, वाहनांच्या आठवणींतून नव्या वस्तू कशा घडतात, आणि आपल्या जिल्ह्याला त्यांतून काही घडविता येईल काय, हा तो विषय होय.

या आठवणींच्या ओढीला मराठीत 'स्मरणरंजन' हा शब्द रूढ झाला आहे. शब्द गोड आहे, परंतु ज्या पाश्चात्त्य शब्दासाठी तो योजला गेला, त्याचा जन्म मात्र रंजनातून झालेला नाही. १६८८ साली योहानेस होफर नावाच्या एका वैद्यकीच्या विद्यार्थ्याने बाझेल येथे प्रबंध लिहिला. घरापासून दूर गेलेली स्विस माणसे झुरणीला लागतात, त्यांचे अन्नपाणी तुटते, हे त्याने त्यांत वर्णन केले, आणि 'घरी परतणे' व 'वेदना' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्या व्याधीला 'नोस्टॅल्जिया' असे नाव दिले. म्हणजे मुळात हा एक आजार होता! दसरा उलटला की कोयता घेऊन कारखान्यांच्या फडांवर जाणाऱ्या आणि पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या माणसांच्या या जिल्ह्यात होफरचे म्हणणे कोणाला निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता पेटीकडे वळू. गाणी तर हातातल्या फोनवरही मिळतात, ती पाच हजारांहून किती तरी अधिक. मग ही पेटी लोकांनी का घ्यावी? आमच्या मते तिचे मर्म तिच्यात काय नाही, यात आहे. तिला इंटरनेट लागत नाही. पडद्यावर बोट फिरवून शोधावे लागत नाही. खुंटी फिरविली की गायक बदलतो आणि गाणे सुरू होते. ज्या हातांनी तरुणपणी रेडिओचा काटा फिरविला, त्या हातांना ही कृती शिकावी लागत नाही. येथे जुने रूप ही नुसती सजावट राहत नाही, ती वापरण्याची सूचनाच होते. मानसशास्त्रज्ञांना असेही आढळून आले आहे, की माणसाला आपल्या आयुष्यातील सुमारे दहाव्या ते तिसाव्या वर्षांपर्यंतच्या आठवणी इतर काळापेक्षा अधिक येतात. कारवाँतली गाणी नेमकी कोणाच्या या वयातली आहेत, हे हिशेब केल्यास सहज कळेल.

तथापि त्या आठवणीत बीडचा वाटा किती, हे पाहिले पाहिजे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि 'डेक्कन रेडिओ' हैदराबादेहून बोले. १९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले. त्यांना चित्रपटसंगीताचे वावडे होते, आणि आकाशवाणीवरून ती गाणी हद्दपार झाली. श्रोते सिलोनकडे वळले. ३ डिसेंबर १९५२ या बुधवारी रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. सिलोनच्या लघुलहरी आकाशातील विद्युद्भारित थरावर आपटून खाली येत; तो थर हलताच आवाज कधी जवळ येई, कधी दूर जाई. छपरावर ताणलेली तांब्याची जाळी, कानाशी धरलेला सेट, आणि ऐन वेळी बुडणारा आवाज! कारवाँत गीतमालेसाठी वेगळे बटण आहे आणि सयानींचा आवाजही आहे, पण तो येणारा-जाणारा सूर तिच्यात नाही. पेटी स्वच्छ वाजते. हा दोष म्हणावा की गुण, हे आम्ही ठरवू शकलो नाही. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती निघाली आणि गाणी स्वदेशी परतली.

त्या काळी रेडिओ बाळगायला टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे. अनेक खेड्यांत रेडिओ म्हणजे चावडीवरचा सार्वजनिक संच. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने सुमारे दीडशे गावांत ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. लोक एकत्र बसून ऐकत, मग चर्चा करीत. आपल्या सीमेला लागून असलेला अहमदनगर जिल्हा त्यात होता. बीड तेव्हा हैदराबाद राज्यात असल्याने नव्हता. सांगायचे ते एवढेच, की बैठकीच्या टेबलावरचा स्वतःच्या मालकीचा रेडिओ ही आठवण सर्वांची नाही. पुष्कळांची आठवण दुसऱ्याच्या ओट्यावर उभे राहून ऐकल्याची आहे. त्या आठवणीची वस्तू अजून कोणी केलेली नाही.

वाहनांत असाच प्रकार झाला. ज्या बजाज चेतक स्कूटरवर एकेकाळी सबंध कुटुंब बसे आणि नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, ती बनविणे पुढे थांबले. २०१९ मध्ये तेच नाव घेऊन विजेवर चालणारी चेतक पुढे आली. पत्र्याचे अंग आणि गोलाईची ठेवण तिने राखली, आतले यंत्र मात्र पार निराळे. नवी वस्तू अनोळखी असली की गिऱ्हाईक बिचकते, ओळखीचा चेहरा त्याला धीर देतो.

आपल्या बीडला एक जुनी वस्तू होती, ती म्हणजे छागल. जुन्या गॅझेटियरांत येथील चामड्याच्या छागली आणि गुप्त्या नावाजलेल्या म्हणून नोंदल्या आहेत. छागलीच्या अंगातून पाणी किंचित पाझरते, ते वाऱ्याने वाळताना उष्णता ओढून घेते, आणि आतले पाणी गार राहते. जाड सुती कापडाची, मोटारसायकलीला अडकविता येईल अशी सुबक छागल आजही करता येईल, कारण ऊन कमी झालेले नाही. गुप्तीचे पुनरुज्जीवन मात्र कोणी मनावर घेऊ नये.

परंतु आम्हांला अधिक मोह पडतो तो दुसऱ्याच एका ठेव्याचा. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या; त्यांची संख्या एक लाखाच्या वर जाते. २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया हा संग्रह प्रसिद्ध करीत आहे. त्यात आपल्या माजलगावच्या भीमनगर वस्तीतील स्त्रियांच्या ओव्या आहेत, डॉ. आंबेडकरांविषयीच्या. त्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. आता कल्पना अशी, की कारवाँसारखी एक पेटी करावी आणि तिच्यात या ओव्या भराव्या. वरती खुंटीच्या जागी जात्याचा खुंटा बसवावा. तो फिरविला की वीजही निर्माण व्हावी आणि ओवीही सुरू व्हावी. हे अशक्य नाही. ट्रेव्हर बेलिस या इंग्रज संशोधकाने हाताने किल्ली देऊन चालणारा रेडिओ १९९० च्या दशकात सिद्ध केलाच होता, आणि तो पुढे दक्षिण आफ्रिकेत तयार होऊ लागला. फडावर, जेथे वीज नाही तेथेही, ही पेटी वाजेल.

कल्पना आम्हांला फार आवडली, आणि म्हणूनच तिच्यातली खोच उशिरा ध्यानात आली. पहाटे उठून दळण दळलेल्या एखाद्या म्हातारीपुढे ही पेटी ठेवली, तर ती काय म्हणेल? "गिरणी आली तवा खुंट्यातून हात सुटले बाबा, आता गाण्यासाठी पुन्हा धरू व्हय?" तिला ओवी हवी असेल, खुंटा नको असेल. आठवण कोणाला गोड लागते आणि कोणाच्या दंडात दुखते, हे वस्तू घडविणाऱ्याने आधी विचारले पाहिजे. तेव्हा खुंटा नातीने फिरवावा आणि आजीने ऐकावे, किंवा सरळ सूर्यप्रकाशाची तबकडी बसवून मोकळे व्हावे.

दुसरा प्रश्न हक्काचा. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रसिद्धीपासून ६० वर्षांनी संपतो, परंतु गीताचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. गदिमा १९७७ च्या डिसेंबरात गेले, म्हणून १९५५ च्या गीतरामायणाचे शब्द २०३७ अखेरपर्यंत हक्काखाली आहेत. हौसेने गाणे उचलून पेटीत घालता येत नाही. ओव्यांना तर कवी असा एक नसतो; पण गाणारीला कलावंत म्हणून हक्क आहे, तो गायनापासून ५० वर्षांचा. १९९६ चे गायन त्यामुळे २०४६ अखेरपर्यंत तिचे आहे, आणि त्याचा व्यापारी उपयोग झाल्यास मानधनाचा वाटाही कायद्याने तिचा आहे. पेटी पुण्यामुंबईत विकली जाईल, दिवाळीची भेट म्हणून दिलीही जाईल. तेव्हा प्रत्येक पेटीमागे किती रुपये माजलगावला जातील, हा आकडा कारागिराला काम सांगण्यापूर्वी ठरवून कागदावर घ्यावा, आणि गाणारी आज हयात नसेल तर तो तिच्या घरच्यांच्या हाती पडेल अशी तजवीज करावी.

बटणांवर काय लिहावे, याचाही आम्ही विचार केला. कारवाँवर गायकांची नावे आहेत. आपल्या पेटीवर गावांची नावे असावीत, आणि पहिले बटण माजलगावचे.