सातबारा काढू द्या, फेरफार नको

जिंतूर तालुक्यातलं चारठाणा बाहेरच्यांना ठाऊक असतं ते जुन्या देवळांमुळे आणि उंच दगडी मानस्तंभामुळे. आसपासच्या खेड्यांतली माणसं मात्र तिथे कामं घेऊन येतात. त्यातली बरीचशी अशा गावांत एकाच टेबलावर होतात, सेवा केंद्राच्या. सातबारा, पीकविमा, महाडीबीटीचा अर्ज, अंगठा लावून पैसे काढणं, सगळं एका संगणकावर. त्या खुर्चीत उद्या एआय एजंट बसवायचा म्हटलं, तर त्याच्या हाती कोणकोणत्या चाव्या द्यायच्या?

एजंट नुसती उत्तरं देत नाही, बटणं दाबतो. नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने अशी बटणं एजंटला जोडण्याची एक सामायिक पद्धत खुली केली, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल. एखादं साधन फक्त वाचतं की काही पुसून टाकू शकतं, याची खूण त्यात साधनावर लावता येते. पण ती खूण साधन बनवणाराच लावतो, म्हणून तिच्यावर डोळे झाकून विसंबायचं नसतं. तपासणी आपल्यालाच करावी लागते. त्यात पहिला प्रश्न असा, की चूक झाली तर ती कोणाला, किती दिवसांत आणि काय खर्चून निस्तरता येईल?

डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांना मिळतो. भलत्याच गटाचा निघाला तर तेवढेच पैसे बुडाले. एजंटला ही मोकळीक द्यायला हरकत नाही. ई-पीक पाहणीत कापसाच्या जागी तूर लागली, तर खातेदाराला ती दुरुस्त करायला ४८ तासांची सवलत ठेवलेली आहे. इथे एजंटने नोंद भरावी, मात्र शेतकऱ्याला लगेच कळवावं. अंगठ्याची गोष्ट वेगळी. त्यावर एका व्यवहारात दहा हजारांपर्यंत रक्कम निघते, आणि गैरवापर झाला म्हणून अंगठा काही पासवर्डसारखा बदलता येत नाही. ही चावी एजंटला नाहीच.

पीकविम्याचा धडा तर ताजा आहे. २०२३मध्ये राज्यात एक रुपयात विमा सुरू झाला आणि केंद्रचालकाला अर्जामागे चाळीस रुपये मिळू लागले. मग सरकारी आणि देवस्थानच्या जमिनींवरही बोगस अर्ज निघाले, काही केंद्रांवर कारवाई झाली, २०२५मध्ये योजनाच बदलली. ही करामत माणसांनी केली, यंत्राने नव्हे. पण न थकणाऱ्या एजंटच्या हाती तेच लॉगिन आणि तीच चाळिसाची ओढ दिली तर?

फेरफाराची जुनी रीत इथे उपयोगी पडते. तलाठी नोंद धरतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबतात आणि मगच मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा. एजंटने फार तर मसुदा तयार करावा. प्रमाणित करण्याचं बटण त्याला दिसूसुद्धा नये.

'दिसू नये' हे मुद्दाम म्हटलं. जुलै २०२५मध्ये रेप्लिट या सॉफ्टवेअर कंपनीच्या एजंटने जेसन लेमकिन या उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. काही बदलू नकोस, असं त्याला बजावून सांगितलेलं होतं. चावी मात्र त्याच्याकडेच होती. नंतर कंपनीने प्रयोगाचा आणि प्रत्यक्ष वापराचा डेटाबेस वेगळे केले. खरं धोरण ते, नुसती तंबी नव्हे.

वाचण्याची परवानगीही नेहमीच निरुपद्रवी नसते. खासगी कागद वाचणं, बाहेरून आलेला मजकूर वाचणं आणि बाहेर काही पाठवता येणं, ही तीन कामं एकाच एजंटकडे आली की धोका होतो, असं सायमन विलिसन या प्रोग्रॅमरने २०२५मध्ये मांडलं. व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफमध्ये कोणी बारीक अक्षरांत सूचना दडवली, की एजंट तिलाच मालकाचा हुकूम समजू शकतो, आणि शेजारच्या फोल्डरमधली आधार कार्डं, पासबुकं बाहेर जातात. म्हणून आलेली कागदपत्रं वाचणाऱ्या एजंटला पाठवण्याची सोय ठेवायची नाही.

राहिली माणसाची संमती. विम्याची मुदत संपत आली, दारात रांग लागली, की चालक 'होय' न वाचताच दाबत सुटणार. त्यामुळे संमती मोजक्याच ठिकाणी मागावी, आणि तिथे नाव, गट क्रमांक, क्षेत्र व रक्कम मोठ्या मराठी अक्षरांत समोर यावी. ओटीपी शेतकऱ्याच्या फोनवर यावा, आणि एजंटचं लॉगिन चालकाच्या लॉगिनपेक्षा वेगळं असावं, म्हणजे अर्ज कोणी भरला हे नोंदीत दिसेल.