आड, पोहरा आणि कथालेखक

कथा-कादंबरी लिहू पाहणाऱ्या तरुणांकडून दोन प्रश्न हमखास येतात. पहिला असा, की आमच्या आयुष्यात विशेष काही घडलंच नाही, मग लिहायचं कशावर? दुसरा अगदी उलटा. एक पुस्तक झालं, जगलो ते सगळं त्यात आलं, आता पुढं काय? या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच समजूत आहे. अनुभव म्हणजे जणू कणगीत भरलेलं धान्य. नसेल तर उपास, आणि असेल तर संपेपर्यंतच. आपली म्हणही तेच सांगते, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हण खरी आहे. पण आडात पाणी कुठून येतं, हे ती सांगत नाही. आज आपण तेवढाच विचार करू.

आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, शब्द आधी वेगळे करून बघतो. घटना वेगळी आणि अनुभव वेगळा. आपल्या उमरीचंच उदाहरण घ्या. हैदराबाद मुक्तिसंग्रामात, 1948 च्या जानेवारीत, स्वातंत्र्यसैनिकांनी इथली बँक लुटली, ती लढ्यासाठी. ही घटना झाली. इतिहासकार विचारील, माणसं किती होती, रक्कम किती होती, ती गेली कुठं. हे प्रश्न मोलाचेच आहेत. पण कथालेखकाला आणखी काही विचारावं लागतं. निघणाऱ्या पोराला जेवायला वाढताना आईला काही कळलं असेल का? बँकेतल्या एखाद्या कारकुनाला मनातून निजामाचं राज्य जावं असं वाटत असेल, आणि महिन्याचा पगार मात्र त्याच राज्यातून येत असेल, तर त्या क्षणी त्याचे हात कुणाच्या बाजूनं हलले असतील? अॅरिस्टॉटलनं हा फरक फार पूर्वी सांगून ठेवला आहे. घडलं ते इतिहास सांगतो, घडू शकतं ते काव्य सांगतं. म्हणून लढ्यातून आलेला प्रत्येक माणूस कादंबरीकार झाला नाही. घटना अंगावरून जाते. तिचा अर्थ लावत बसावं लागतं, तेव्हा ती अनुभव होते. आणि तो अनुभव आपल्यापेक्षा वेगळ्या माणसाच्या जिवात घालता आला, तर कथा होते.

आता पहिल्या प्रश्नाकडं येऊ. बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी. जन्म 1913 चा, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या सातोन्याचा. निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात कारकुनी केली, 1953 मध्ये गेले. जेमतेम चाळीस वर्षांचं आयुष्य. बाहेरून बघाल तर त्यात काय आहे? कचेरी, साहेब, पगाराची तारीख. पण एवढ्यात त्यांनी कविता लिहिल्या, कथा लिहिल्या, कादंबऱ्या लिहिल्या. निजामी राजवटीत सामान्य माणसाचा जीव कसा गुदमरतो, हे बघायला त्यांना दूर जावं लागलं नाही. ते त्यांच्या रोजच्या वाटेवरच होतं. म्हणजे काही घडलं नाही, असं नसतं बघा. आपण तिथं थांबलो नाही, इतकंच असतं.

दुसऱ्या प्रश्नाला उत्तर रा. रं. बोराडे यांचं. लातूर तालुक्यातलं काटगाव हे त्यांचं गाव, जन्म 1940. त्यांची ‘पाचोळा’ 1971 साली आली. गावातल्या शिंप्याच्या संसाराची वाताहत, आणि ती सांगते त्याची बायको, आपल्याकडच्या बोलीत. आता बोराडे सर काही शिंपी नव्हते, की त्या घरातली बाईही नव्हते. मग हा अनुभव कुणाचा? तो त्यांच्या कानाचा. गावात वाढताना बायामाणसं कशी बोलतात, कुठं थांबतात, कुठं शब्द गिळतात, हे ज्यानं मन लावून ऐकलं, त्यालाच असं निवेदन साधतं.

पुढं ते प्राध्यापक झाले, प्राचार्य झाले. मुक्काम शहरात. कणगीचा हिशेब खरा असता, तर बालपणीचं गाव संपल्यावर लेखणी थांबायला हवी होती. तसं झालं नाही. ‘आमदार सौभाग्यवती’मध्ये राजकारणात आलेली बाई आली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला, त्यानंतर ‘इथं होतं एक गाव’ आली. फेब्रुवारी 2025 मध्ये ते गेले, तोवर मराठवाडा कितीतरी बदलला होता, आणि त्या बदलावर त्यांची नजर होती. आडाचं पाणी आडात तयार होत नाही, ते आजूबाजूच्या शिवारातून झिरपत येतं. लेखकाचं शिवार म्हणजे इतर माणसं.

इथं एक रास्त शंका निघते. दुसऱ्याचं दुःख लिहायचा आपल्याला अधिकार काय? लातूर जिल्ह्यातल्याच लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ 1987 साली आलं, 1988 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. ते आत्मकथन आहे. हे मी भोगलं, असं स्वतःच्या नावानं सांगण्यात त्याचं बळ आहे. कादंबरीकाराला ते बळ उसनं घेता येत नाही. त्याला अधिकार कमवावा लागतो. त्या माणसाच्या धंद्यातला शब्द बरोबर आहे का? त्याच्या घरचा खर्च लेखकाला ठाऊक आहे का? आणि सगळ्यात अवघड म्हणजे, लेखकाला न पटणारी गोष्ट बोलायची मुभा त्या पात्राला आहे का? ती नसेल, तर दुसऱ्याच्या दुःखावर आपण नुसती आपली सही केली, असं होईल.

शेवटचं एक. आडात गाळही साचतो. तेच बालपण, तीच गरिबी, टाळ्या मिळालेलाच प्रसंग आपण पुन्हा पुन्हा लिहू लागतो. वाचकाच्या आधी हे लेखकाला कळायला हवं. तेव्हा नवा अनुभव शोधत मुद्दाम कुठं भटकायची गरज नसते. आपल्या गल्लीत ज्याच्याशी आपण वर्षानुवर्षं फक्त ‘राम राम’ म्हणत आलो, त्याच्याजवळ तासभर बसावं. वही घरी ठेवून जावं. आणि आपली गोष्ट सांगायची घाई न करता त्याची ऐकावी.

इथं थांबू या. प्रश्न असतील तर जरूर विचारा.