शिंगराची पहिली रात्र

दोस्तांनो, घोडी किती महिने गाभण असते, सांगा पाहू? गाय नऊ, म्हैस दहा आणि घोडी तब्बल अकरा महिने!

दिवस भरत आले की घोडीची कास भरते, सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब दिसू लागतात. झालं! मोतद्दाराचं जागरण सुरू. कारण घोडी बहुधा रात्रीच विते, तेही सगळीकडे सामसूम झाल्यावर. पाण्याची पिशवी फुटली की साधारण अर्ध्या तासात शिंगरू बाहेर. आधी पुढचे पाय, त्यांवर टेकलेलं नाक. खुरांवर मऊ आवरण असतं, म्हणून आईला आतून इजा होत नाही.

मग धडपड! उठतं, पडतं, पुन्हा उठतं. तासाभरात उभं राहायला हवं, दोन तासांत आईला प्यायला. खरी घाई या चिकासाठीच. माणसाच्या बाळाला रोगांशी लढायची ताकद आईच्या पोटातच थोडीफार मिळते. शिंगराला जवळजवळ काहीच मिळत नाही. ती सगळी चिकातून येते आणि त्याचं आतडं ती फक्त पहिल्या दिवसापुरतीच शोषून घेतं. आईच दगावली किंवा पिऊ देईना, तर? मोठ्या स्टड फार्मवर दुसऱ्या घोडीचा चीक गोठवून ठेवलेला असतो. तो कोमट करून बाटलीने पाजतात.

आणि एक गंमत. आपल्याकडे रेसच्या सगळ्या घोड्यांचा वाढदिवस कागदोपत्री १ जानेवारीलाच! म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्री जन्मलेलं शिंगरू सकाळी एक वर्षाचं!