क्षयरोग : लपवू नका, तपासून घ्या

आपल्या समाजात टीबीचे नाव आजही दबक्या आवाजात घेतले जाते. मुलीचे लग्न अडेल, लोक नावे ठेवतील, या भीतीने खोकला अंगावर काढतात. बुरहानपूर पॉवरलूमचे शहर, त्यामुळे ‘कारखान्याच्या धुळीचा खोकला आहे’ असे म्हणूनही वेळ जातो. तेवढ्यात घरातल्यांना लागण होते.

डॉ. आनंदीबाई जोशी १८८७ साली क्षयाने गेल्या, वय अवघे २१. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच या रोगाचा जंतू शोधला होता. पण औषध नव्हते. आज औषध आहे, तेही सरकारी दवाखान्यात मोफत.

कसा पसरतो? फुफ्फुसाचा क्षय असलेली व्यक्ती खोकते, शिंकते तेव्हा जंतू हवेत जातात. बंद, कोंदट खोलीत धोका जास्त. ताट-वाटी वेगळी करून काही साधत नाही. खिडक्या उघडा आणि रुग्णाला मास्क द्या. हाडांचा किंवा गाठींचा क्षय असा हवेतून पसरत नाही. जंतू शरीरात गेलेला प्रत्येक जण आजारी पडतोच असे नाही. मात्र मधुमेह, कुपोषण असल्यास धोका वाढतो.

निदान कसे होते? दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन घटणे, थुंकीतून रक्त, यांपैकी काहीही असल्यास जिल्हा रुग्णालयात जा. तपासणीला लाळ नको, छातीतून खोकून काढलेला बेडका द्यावा. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर जंतू तर कळतोच, रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याच्यावर चालेल की नाही हेही कळते. गरजेप्रमाणे एक्स-रे काढतात.

उपचार किती दिवस? साध्या क्षयाला साधारण सहा महिने. औषधाने लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नये. डोळे पिवळे झाले, उलट्या झाल्या किंवा नजर अंधूक झाली तर लगेच डॉक्टरांना सांगावे. महिना-दीड महिन्यात बरे वाटू लागते आणि तिथेच अनेकांचा घात होतो. गोळ्या मध्येच सोडल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. मग उपचार लांबतात आणि अवघड होतात.

निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेतो दरमहा १००० रुपये थेट खात्यात जमा होतात. त्यासाठी बँक खाते चालू आहे ना, तपशील बरोबर दिला ना, हे आधीच पाहावे. घरातल्या इतरांचीही तपासणी करून घ्यावी.

शेजारी कोणाला क्षय झाल्याचे कळले तर दार लावून घेऊ नका. गोळ्या वेळेवर चालू आहेत का, एवढी चौकशी आपण सर्वांनी केली तरी त्या घराला मोठा आधार होईल.