गळक्या नळ्यांची पन्नास वर्षं

परभणीची काळी माती पावसाळ्यात गाडीखाली चिकटली की दिवाळीपर्यंत सुटत नाही. ब्रेकची लोखंडी नळी चेसिसला जिथे क्लिपने धरलेली असते, तिथेच हा चिखल दडून राहतो आणि आतल्या आत गंज धरतो. साठ-सत्तरच्या दशकात जिंतूर, पाथरी, गंगाखेडच्या रस्त्यांवर धावणाऱ्या जीप आणि अ‍ॅम्बॅसडर याच जागी गळायच्या. चारही चाकांना मिळून तेलाची एकच वाट होती. एक नळी फुटली की पेडल थेट तळाला जाई.

त्या गाड्यांचं ओझं पेलायला तेल नव्हतं. जीपला पाटे, अ‍ॅम्बॅसडरला पुढे टॉर्शन बार आणि मागे पाटे. फ्रान्समध्ये सिट्रोएनने १९५५ साली डीएस आणली, तिची गोष्ट वेगळी. नायट्रोजन भरलेले गोळे आणि पंपाने दाबलेलं तेल यांवर ती अख्खी गाडी तरंगायची; दाब उतरला की जमिनीकडे बसायची. आपल्या फिटरांच्या वाट्याला ती गाडी आली नाही. पंपाने दाबलेलं तेल इथे पोहोचलं ते ट्रॅक्टरबरोबर. १९६८ मध्ये येलदरीचं आणि १९७६ मध्ये जायकवाडीचं धरण झालं, कालव्याचं पाणी आलं, ऊस वाढला. मग लिफ्ट आणि ट्रॉलीचा जॅक रोजच्या कामाचे झाले.

फिटरची खरी परीक्षा गळती शोधण्यात असते. थेंब पडतो तिथे नळी फुटलेली नसते; तेल नळीवरून ओघळत खालच्या वाकणापर्यंत येतं. म्हणून जाणता माणूस आधी नळी धुऊन कोरडी करतो, वरून खडूची भुकटी लावतो आणि दुसऱ्याला पेडल दाबायला सांगतो. पांढऱ्यावर ओला डाग सगळ्यात आधी जिथे उमटतो, तीच जागा. तेवढा तुकडा कापून टाक्याने जोडणं हा शुद्ध धोका आहे. नळी पूर्ण बदलायची, आधी नट ओवून घ्यायचा आणि मग टोकाला दुहेरी फ्लेअर काढायचा. फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी सहज वाकते म्हणून अनेकांनी वापरली. पण तांबं हादऱ्यांनी कडक होत जातं आणि नेमकं नटाजवळ तडकतं.

नळीपेक्षा जास्त गाड्या चुकीच्या तेलाने बिघडल्या असं माझं ठाम मत आहे. ट्रॅक्टरच्या लिफ्टचं तेल खनिज, ब्रेकचं वेगळं. वाटेत ब्रेक ऑइल संपलं म्हणून हाताशी असलेलं दुसरं ओतलं, की मास्टर सिलिंडरचे रबर फुगतात आणि ब्रेक धरून बसतात. मग नळ्या धुवा, सगळी किट बदला. योग्य ब्रेक ऑइलही हवेतलं पाणी शोषतं. वर्षानुवर्षं बदललं नाही तर नळी आतून गंजते.

जेसीबी आणि मोठ्या ट्रॅक्टरांनी रबरी होजपाइप सर्रास केले. ते मापाने कापून, टोकं यंत्रावर दाबून मिळतात. फ्लेअर काढणारा हात आता फार थोड्यांकडे उरला आहे. या होजपाइपांत मात्र ब्रेकच्या नळीत नव्हती अशी एक जोखीम आहे. सुईएवढ्या भोकातून सुटलेली तेलाची धार दिसत नाही, पण कातडीत शिरते. अशी जखम वरून किरकोळ वाटली तरी त्याच दिवशी शस्त्रक्रिया लागू शकते, नाहीतर बोट जातं. गळती बोटाने चाचपू नये, पुठ्ठा फिरवून बघावी. आणि नट सैल करण्याआधी इंजिन बंद, ट्रॉली खाली.